बेलभंडारा

"आज फितुराचं नाव निघालंच पायजे, मास्तर," सहादेव म्हणाला. "न्हाईतर उद्या समदी कामावर जात्याल."

यज्ञेश्वरानं मान हलवली. त्यालाही तेच वाटत होतं. नाव निघालं नाही तर केलेलं सगळं मुसळ केरात जाणार होतं.

श्रीरामपूरकडच्या त्या साखर कारखान्यात ऐन गाळपात संप पडला होता. बॉयलर थंड, बाहेर उसाच्या गाड्या वाळत उभ्या. लाल बावट्याची जूट अशी, की मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण बैठकीत ठरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी त्याच्या बंगल्यावर पोचायची. परवा पोलीस आले ते कुणाला न विचारता थेट पुढाऱ्यांच्या दारात. फितूर चाळीतलाच, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघायला लागला होता.

यज्ञेश्वर नगरचा, भिक्षुकाच्या घरातला. जानवं काढून ठेवलं, मास्तरकी सोडली आणि कामगारांच्या चाळीत येऊन राहिला. रोज संध्याकाळी पारावर वर्ग घ्यायचा. नफा कुठून येतो, मालक कसा होतो, देव कुणाच्या सोयीचा. लोक "व्हय व्हय" म्हणायचे आणि घरी जाऊन खंडोबाची तळी भरायचे. एकट्या गोरक्षनाथानं, म्हणजे चाळीच्या गोरखनं, ते सगळं मनावर घेतलं. पठ्ठ्यानं घरातले देवांचे टाक उचलून विहिरीत टाकले. बायको रंगुबाई कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पण हल्ली सभेत गोरख उभा राहिला की माणसं चिडीचूप ऐकायची.

"तुमचा विश्वास बसेल तरी कशावर, सहादेवबाबा?" यज्ञेश्वरानं विचारलं.

सहादेव चाळीतला वडीलधारा. त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "बेलभंडारा. खंडोबाचा बेलभंडारा उचलून खोटं बोलंल त्याचा वंस बुडतो. फितुराची छातीच व्हायची न्हाई."

"मला असलं काही पटत नाही."

"तुमाला न पटू द्या. आमाला पटतं."

"बरं. लोकांचं तसंच म्हणणं असेल तर तसं."

पाराकडे जाताना गोरखनं त्याला गाठलं. गडी पार हिरमुसला होता.

"मास्तर, ह्ये काय काढलंय? हळदीच्या चिमटीनं फितूर सापडतो व्हय?"

"लोकांना अजून कळत नाही, गोरख."

"मंग आपन सांगायचं! तुमीच म्हनला हुता, एकदा वाकला त्यो कायमचा वाकला."

"तू काय करणार?"

"तुमी म्हनाल त्ये. उचल म्हनला तर उचलतो."

यज्ञेश्वर थबकला. एक शब्द पुरला असता. गोरखवर त्याचा जीव होता, खोटं कशाला सांगा. त्यानं गोरखच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी कोण सांगणारा? तुझ्या बुद्धीला पटेल तेच कर."

गोरखचा चेहरा खुलला.

पारावर सगळी चाळ लोटली होती. परातीत भंडारा, त्यावर बेलाची पानं. पहिल्यांदा यज्ञेश्वरानंच उचलला. "मी फितूर नाही," तो म्हणाला. मास्तर आपल्यासाठी देवाला हात लावतोय म्हटल्यावर लोकांचे डोळे भरून आले. मग एकेक जण पुढं येत गेला. गोरखची पाळी आली.

"मी न्हाई उचलनार," तो म्हणाला. "मी फितूर न्हाई. पन ह्ये मी मानत न्हाई. मास्तर, सांगा की यांना."

सगळे यज्ञेश्वराकडे बघायला लागले. त्यानं मान खाली घातली.

बायकांतून रंगुबाई धावत आली. तिनं नवऱ्यापुढं पदर पसरला. "अवो, उचला! तुमच्या पाया पडते. हळदच तर हाय!"

"हळदच हाय, म्हनून तर उचलत न्हाई, रंगू."

झालं. कुणीतरी उसाचं कांडं हाणलं आणि मग कुणी कुणाचं ऐकेना. काल ज्यांनी त्याच्या घरी भाकरी खाल्ली त्यांनीच त्याला तुडवलं. रंगुबाईला बायकांनी धरून ठेवलं होतं, ती गाईसारखी हंबरत होती. गोरख शेवटपर्यंत "मास्तर, मास्तर" करत होता. दिवस मावळायच्या आत तो मेला. खांदा द्यायला माणूस मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वर बोलणी करायला बंगल्यावर गेला. चाळीनं त्याला ओवाळून पाठवलं होतं. मॅनेजर शामकांतरावांनी स्वतः खुर्ची पुढं केली, चहा मागवला.

"या, बसा. वर्षभर तुम्ही आणलेल्या बातम्या एकीकडे आणि कालचं काम एकीकडे," शामकांतराव म्हणाले. "पण काय हो, ऐन वेळी त्यानं उचलला असता म्हणजे?"

यज्ञेश्वरानं बशीत चहा ओतला.

"नसता उचलला, साहेब," तो म्हणाला. "मी शिकवलं होतं त्याला."