रविवारची रीडिंग

"रीडिंग छान आली आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी प्रबंधाचं पान उलटलं. समोरच्या खुर्चीत साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो मध्येच जांभईत विरला.

साहेब म्हणजे पंप बनवणाऱ्या कारखान्याचे प्लांट हेड. नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगची डॉक्टरेट करायची, असा हा अभ्यासक्रम. त्याला नाव घातलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. मुदतवाढी मागून मागून संपल्या होत्या. आज मार्गदर्शक म्हणून सरांची सही झाली नाही, तर नाव रद्द होणार आणि सगळी वर्षं फुकट जाणार. सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली होती, "आज काय ते संपवूनच या. मला माझ्या नवऱ्याबरोबर एक साधा रविवार हवाय, दुसरं काही नको."

अभ्यासक्रमाच्या अटी मोजक्या, पण जाचक. विषय स्वतःच्या कारखान्यातला हवा. चाचण्या उमेदवाराने स्वतःच्या हाताने घ्यायच्या. मार्गदर्शकानेही अधूनमधून तिथे जाऊन बघायचं. सर काही साहेबांना कारखान्यात कधी दिसले नव्हते, त्यामुळे साहेबांचंही मन फारसं खात नव्हतं.

कारण खरं सांगायचं तर अलीकडे साहेब स्वतःच्या हाताने फक्त सही करत. बाकी सगळं खाली सोपवायची सवय. सुरुवातीचे काही रविवार ते रीडिंग घ्यायला पंपांपाशी गेलेही. पुढे अंथरुणातून उठवेना. मग डेप्युटीला फोन गेला, "ते रीडिंगचं तेवढं बघ ना जरा."

"काळजी सोडा साहेब," पुढच्याच आठवड्यात डेप्युटीने कळवलं. "रविवारी गेटवर एक गृहस्थ आले होते. रिटायर्ड असावेत. पंपातलं चांगलं कळतं, दर रविवारी येतो म्हणालेत. पैसे नकोत, चहा दिला की झालं."

साहेब कूस बदलून झोपले.

"तीन नंबरचा पंप फार थरथरतो, नाही?" सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता.

"थरथरतो ना, सर." साहेबांनी ठोकून दिलं.

"माझेही बरेच रविवार गेले यात."

"तुम्हाला फार त्रास दिला मी."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "नियम आहे म्हणून विचारतो. रीडिंग तुम्ही स्वतः घेतलीत?"

खरं सांगून मोकळं व्हावं, असं साहेबांना क्षणभर वाटलंही. मग बायकोचा सकाळचा चेहरा आठवला.

"स्वतः, सर. एकही रविवार चुकवला नाही."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. रागावलेले वाटत नव्हते, दमलेले वाटत होते. सही न करताच त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"या रविवारी काही मला यायला जमणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या डेप्युटीला सांगा, माझा चहा ठेवू नकोस म्हणावं."