हेनिंगनं आणलेल्या माशा

डब्यात सहा मधमाशा होत्या आणि सहाही नर होते. खोलीत हे एकट्या हेनिंगला माहीत होतं. नराला नांगी नसते. तो आयतं खातो, उन्हात भटकतो आणि ऑगस्ट उजाडला की बायका त्याला पोळ्याबाहेर हाकलून देतात. कुणाला डसायचं मनात आणलं तरी ते त्याच्याच्यानं होत नाही.

हेनिंग खुर्चीत बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. पलंगावर त्याची बायको वीबके पडली होती. एका हाताला सलाइनची सुई, बोटाला नाडीचं यंत्र, उशाशी भरून ठेवलेलं अ‍ॅड्रिनलिन. पाच वर्षं दर महिन्याला तिच्या दंडात मधमाशीचं विष टोचलं होतं, अंगाला त्याची सवय व्हावी म्हणून. आज परीक्षा होती. डॉक्टरांच्या देखत खरीखुरी माशी हातावर डसवायची आणि काय होतं ते बघायचं. निभावलं तर वीबके पुन्हा घरच्या मधाच्या पेट्यांवर काम करायला मोकळी. नाहीतर उन्हाळाभर खिडक्या लावून घरात.

इस्पितळाला माशा पुरवणारा माणूस सुट्टीवर होता. तुमच्याकडे काय तोटा, असं म्हणून डॉक्टर टीटयेनबाईंनी हेनिंगलाच सहा माशा आणायला सांगितल्या. सकाळी त्यानं पेटी उघडली. याच पेटीपाशी माशी डसून वीबके कोसळली होती. ओठ निळे पडलेले, आणि माळावर हेलिकॉप्टर उतरेपर्यंत तिचं डोकं हेनिंगच्या मांडीवर. त्याचा हात नांगीवाल्या कामकरी माशीपर्यंत गेला आणि वळला. नर वेचताना त्याची त्यालाच लाज वाटली. तरी त्यानं सहा वेचले.

बाईंना माशीतलं काय कळणार, हा त्याचा अंदाज होता. आणि वीबके तर टोचून घेताना कायम खिडकीकडे तोंड फिरवायची. आजही तिनं फिरवलं होतं. दोन-चार माशा डसल्या नाहीत की बाई कंटाळतील, पुढची तारीख देतील, तोवर थंडी येईल. एक वर्ष तरी ढकललं जाईल.

बाईंनी पहिला नर छोट्या ग्लासात घेतला आणि ग्लास वीबकेच्या हातावर पालथा घातला. नर दोनदा गोल फिरला आणि पाय पुसत बसला. दुसऱ्यानं तेवढंही केलं नाही. तुमच्या माशा फारच गरीब दिसतात, असं बाई म्हणाल्या. हेनिंगनं सांगितलं की तीस वर्षं निवडून निवडून शांत जातच वाढवलीय. हे अगदी खरं होतं, म्हणून सांगताना जास्तच जड गेलं. तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला.

तिसरा नर ग्लासात घुमायला लागला. जाड, खर्जातला आवाज, नराचा असतो तसा. चादरीखाली वीबकेची बोटं मघापासून चुळबुळत होती, ती थांबली. सगळ्यांचा आवाज असाच आहे का, असं तिनं विचारलं. मग मान वळवून पाहिलं. ग्लासाकडे नाही, हेनिंगकडे. हेनिंग बुटांकडे बघायला लागला.

"डॉक्टर, हे नर आहेत," वीबके म्हणाली. "यांना देवानं डसायला काही दिलेलंच नाही. आणि याला या धंद्यात चाळीस वर्षं झालीत. चुकून झालं असेल असं म्हणू नका."

बाई चिडल्या. खोली अडवून ठेवली, सकाळपासून माणसं अडकली, हा काय पोरखेळ, असं बरंच बोलल्या. हेनिंगनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्याला बाईंची भीती नव्हती.

"हेनिंग," वीबके म्हणाली, "इथे डॉक्टर आहेत, औषध तयार आहे. घरी नुसता तू आहेस. मला माशी कुठे डसावी असं वाटतं तुला?"

"मला ते पुन्हा बघवणार नाही."

"मग बघू नकोस. पण माशी आण."

तो ग्लास घेऊन खाली गेला. इस्पितळाच्या हिरवळीवर क्लोव्हर गवताची पांढरी फुलं फुलली होती आणि त्यांच्यावर माशाच माशा. तो गुडघ्यांवर बसला. बाकावरचे दोन पेशंट टक लावून बघत होते. एक माशी त्याला फार तापट वाटली. दुसरी उगाच मोठी. तिसरी ग्लासात आली होती, तिलाही सोडून दिलं. लेकीसाठी स्थळ बघावं तशी त्याची तऱ्हा चालली होती. चौथीवर मात्र त्यानं ग्लास ठेवला आणि खाली कागद सरकवला.

वर बाईंनी ग्लासासाठी हात पुढे केला. तोच धरेल, असं वीबके म्हणाली. बाई बाजूला झाल्या.

हेनिंगनं ग्लास तिच्या हातावर पालथा घातला, कागद ओढून घेतला आणि ग्लासाला टिचकी मारली. माशी डसली. वीबकेनं दातांवर दात दाबले. बाईंनी ग्लास उचलला, घड्याळ सुरू केलं आणि सांगितलं की नांगी एक मिनिट तशीच राहू द्यायची.

नांगी कातडीत रुतली होती. तिची इवलीशी पिशवी अजून विष सोडत होती, आकसत होती, फुगत होती. हेनिंगनं ऐकलं सगळं, पण चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या अंगठ्याचं नख ती खरवडून काढायला पुढे झालंच.

वीबकेनं सुई लावलेल्या हातानं त्याचा अंगठा मुठीत धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "सगळं आत उतरू दे."