छपरावरची म्हातारी

लाओस सोडून फ्रान्सला येऊन बुनथावला सव्वीस वर्षं झाली होती, पण तिकडच्या सरकारला शिव्या घातल्याशिवाय त्याला सकाळचा घास गोड लागत नसे. त्या दिवशी गावाकडच्या पुराचा फोटो दिसला. पत्र्याच्या छपरावर एक म्हातारी भिजत बसली होती. त्याने तो फेसबुकवर टाकून खाली लिहिलं, "तीन दिवसांत एक होडी मिळत नाही? लाज सोडलीत का रे?"

दुपारी धाकट्या बहिणीचा, चन्सोमचा फोन आला.

"वाचलंस ना? चांगली सालटी काढली हरामखोरांची!" तो म्हणाला.

"वाचलं. आम्हाला आता शाळेत आणून ठेवलंय. इथं आईलाही वाचून दाखवलं." तिचा आवाज थंड होता.

"मग? काय म्हणाली?"

 

"म्हणाली, 'फोटोत मला ओळखलं नाही वाटतं त्यानं.'"