वाफेची सिगारेट

“किती वर्षं ओढलीत?”

“एकतीस,” शाइलोबेक म्हणाला. “सात महिन्यांपूर्वी बंद. आता ही.” त्याने खिशातून वाफेची सिगारेट काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टर अनारकुल यांनी तिला हात लावला नाही. काराकोलमधले छातीचे बहुतेक रोगी त्यांच्याकडेच यायचे आणि त्यांच्या जिभेची धार सगळ्या गावाला ठाऊक होती. शाइलोबेक ताठ बसून राहिला. त्या रागावल्या की काय बोलायचं, ते त्याने येताना बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

“यात फुंका.” त्यांनी एक छोटं यंत्र पुढे केलं.

त्याने फुंकलं. आकडा बघून त्यांनी पुन्हा एकदा फुंकायला लावलं.

“अगदी स्वच्छ! खरंच सुटलीय की तुमची, दादा. नाहीतर आमचे हे. दर सोमवारी सोडतात आणि मंगळवारी दुकानात सापडतात.”

शाइलोबेक हसला नाही. “मग हिचं काय करू? फेकू?”

“का म्हणून?”

“लोक म्हणतात, तुम्ही फेकायला लावता. चोर घालवून दरोडेखोर घरात घेतला म्हणता.”

अनारकुल यांनी चष्मा काढून ठेवला.

“म्हणायचे. विष ते विष, असं ओरडायचे मी. माणसं घाबरून हे फेकायची आणि महिन्याभरात परत पाकीट घ्यायची. अशी किती गेली, ते मोजायचा मला धीर होत नाही.” त्यांनी कार्डावर काहीतरी लिहिलं. “हे काही औषध नव्हे, दादा. पण सिगारेटपेक्षा बरं. हळूहळू कमी करा, घाई नको. आणि घरच्यांना सांगा, टोमणे मारू नका म्हणावं. घरी कोण असतं?”

“हल्ली कुणी नाही.”

“मग तर आणखी जपा.”

घोकलेल्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. त्याने आभार मानले, टोपी घातली आणि तो उठला.

बाहेर बाकावर एक म्हातारी आपल्या नंबराची वाट बघत होती. “डॉक्टरबाई चिडल्यात का रे?”

“नाही, आजी. फार चांगलं बोलल्या.”

रस्त्यावर ऊन होतं. समोरून आलेल्या बसला त्याने हात केला आणि ड्रायव्हरला कब्रस्तानाचा थांबा सांगितला.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांसमोरच्या त्याच खुर्चीत त्याची बायको बुरुल्चा बसली होती, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून घरी यायच्या आधीच तिने तसलीच वाफेची सिगारेट ओढ्यात फेकून दिली होती. महिन्याभराने तिने पुन्हा पाकीट फोडलं, तेव्हा “डॉक्टरांचं निमित्त कशाला सांगतेस, तुलाच दम नाही,” असं शाइलोबेकच तिला म्हणाला होता. त्याने स्वतः जन्मात कधी सिगारेट ओढली नव्हती.