अबोल जावई

सकाळी नदी ओसरलेली दिसली तेव्हा सगळ्यांत आधी खूश झाली ती हिलारिया. "देवालाच घाई झालीय तुमच्या लग्नाची!" असं म्हणत तिने घागरा खोचला आणि पात्रात उतरली. तिच्यामागून तिची भाची रोसेंदा, आणि रोसेंदाच्या मागून तिचा होणारा नवरा अब्दोन, खांद्यावर फावडं घेऊन.

पात्रात सुगीपासून तोकोशचे खड्डे होते. गवतात गुंडाळलेले बटाटे, वर दगड, दगडांवरून सतत वाहतं पाणी. त्या पाण्यातच बटाटे महिनोन् महिने आंबायचे. लग्नाची लापशी त्यांचीच लागते. पण दोन दिवसांपासून पाऊस कोसळत होता आणि कालपर्यंत खड्ड्यांपाशी जायची कुणाची हिंमत नव्हती. आज पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं. पुलाच्या खांबावर रंगवलेली धोक्याची तांबडी रेघ पाण्यापासून दोन पुरुष उंच, कोरडी दिसत होती.

रोसेंदाची आजी, सबिना, डोक्यावर घोंगडं घेऊन काठावर टोपल्यांपाशी बसली होती. तिच्या गुडघ्यांना उतार झेपत नसे.

पहिला खड्डा उघडल्याचा वास वरपर्यंत आला.

"नाक काय धरतेस गं," हिलारिया म्हणाली. "नवऱ्याच्या पायमोज्यांपुढे हे अत्तर वाटेल."

"मावशी, पुरे!"

"आणि हा बघ. सकाळपासून एक अक्षर नाही. काय रे अब्दोन, जीभही आंबत घातलीस का?"

अब्दोन आवाज न करता हसला आणि खोदत राहिला.

काठावर आजीही हसली. मग तिचं हसू थांबलं. हिलारिया ओरडत नव्हती. घरात बोलावं तशी बोलत होती, आणि तरी शब्द न् शब्द वर ऐकू येत होता. कालपर्यंत नदीच्या गर्जनेत चुलीपाशी बसूनही एकमेकींशी ओरडून बोलावं लागत होतं.

आजीने तळहात पुढे केला. तो लगेच भिजला. वर दरीच्या तोंडाशी ढग तसेच बसून होते. पाऊस कणभरही कमी झाला नव्हता.

"रोसेंदा! वर ये! सगळी वर या!"

"का गं? अजून चार खड्डे आहेत!"

"पाणी कुठं गेलं?"

"ओसरलं की! रेघ बघ ना आजी, किती वर राहिलीय!"

आजी काठी टेकून उठली. ती सहा वर्षांची असताना तिच्या आजीने तिला याच काठावरून दंडाला धरून फरफटत वर नेलं होतं आणि धापा टाकत एक वाक्य तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. नदी गप्प होण्याबद्दलचं. ते वाक्य अजून गावात होतं. लग्न ठरलं की बायका नवरीला ते ऐकवत, नवरा अबोल निघाला की डोळा मारून.

आजीने ते म्हटलं: "नदी गप्प झाली की समजावं, वर कुठंतरी तुंबलीय; फुटायच्या आत पळावं." जसं शिकवलं होतं तसं, पूर्ण, नदीकडे बोट दाखवून.

खाली हिलारियाने टाळी वाजवली. "ऐकलंस अब्दोन? आजेसासूनेही ओळखलं तुला!"

रोसेंदा पोट धरून हसत खड्ड्याच्या काठावरच बसली.

"ते नवऱ्याबद्दल नाही!" आजी ओरडली. तिने उतारावर पहिलं पाऊल टाकलं, मग दुसरं. "ते कधीच नवऱ्याबद्दल नव्हतं गं!"

त्यावर तर त्यांना आवरेचना. काठी ओल्या मातीत रोवत आजी उतरत राहिली. खालचं हसू तिला वेगवेगळं ऐकू येत होतं: हिलारियाचं जाड, रोसेंदाचं धाप लागलेलं, आणि आज पहिल्यांदाच, अब्दोनचं.