तानाबाईंचं दुखणं

आतल्या स्वयंपाकघरात ताटलीवर चमचा वाजला आणि दवाखान्यातली शांतता मोडली. पडद्यामागे तेजस्वी दूधभात संपवत होती. पडद्याच्या अलीकडे तिची आई, डॉक्टर संयोगिता, स्टुलावरच्या तानाबाई कधी बोलतात याची वाट बघत होती.

तानाबाईंना बोलायची सवयच नव्हती. त्यांचे मालक गणपतराव त्यांना बिद्री गावाहून राजारामपुरीतल्या दवाखान्यात घेऊन यायचे आणि दुखणंही तेच सांगायचे. गुडघे धरतात, झोप लागत नाही. संयोगिताचे सासरे, म्हणजे आबा डॉक्टर, गणपतरावांकडे बघून मान हलवायचे, तानाबाईंच्या दंडात सुई टोचायचे आणि गोळ्या गणपतरावांच्या हातात द्यायचे. या दवाखान्यात तशीच रीत होती. बाईमाणसानं स्टुलावर बसायचं, बोलायचं ते सोबत आलेल्यानं.

ती रीत मोडायचा हट्ट संयोगितानं धरला होता. एकेकीला विचारत बसलीस तर बाहेरची रांग कधी सरायची, असं आबा म्हणाले होते. तरी टेबल त्यांनी तिच्या ताब्यात दिलं आणि स्वतः पेपर घेऊन कोपऱ्यात बसले.

आज गणपतरावांनी नवीनच सांगितलं. जिना चढताना हिला छातीत भरून येतंय, डावा हात जड पडतोय. संयोगितानं लगोलग ईसीजी काढला. पट्टी स्वच्छ आली. नाडी, रक्तदाब, सगळं झकास. गॅस असणार, आबा पेपराआडून म्हणाले. तिला ते पटेना. तिनं गणपतरावांना बाहेर बसायला सांगितलं. तिला काय सांगाय येतंय, असं पुटपुटत तो कान मोडलेला, दारात न मावणारा पैलवान बाहेर गेला.

"आता तुम्ही सांगा, मावशी."

तानाबाईंनी दाराकडं बघून घेतलं.

"त्येंनी सांगितलं त्ये माझं न्हाय, बाई. समदं त्यास्नीच हुतंय."

संयोगिताचं पेन हातातच राहिलं. तानाबाई हळूहळू सांगत गेल्या. तालमीतली पोरं गणपतरावांच्या पाया पडतात. असल्या माणसानं मला दुखतंय म्हणायचं कुणापुढं? म्हणून दुखणं बायकोच्या नावावर.

"सुई मी घेतो, गोळ्या त्ये खात्यात. पर आता छातीचं हाय. मला भ्या वाटाय लागलंय."

आबांचा पेपर खाली आला. संयोगिता त्या दंडाकडे बघत राहिली. दुसऱ्याच्या दुखण्याच्या सुया सोसून तो कडक झाला होता. अंबाबाईसमोर गेल्यावर मागायचं ते विसरून जावं, तसं तिचं झालं.

मग ती भानावर आली आणि दार उघडलं.

"पैलवान, पट्टी परत काढायची आहे आणि मावशी मशीनला भ्यायला लागल्यात. जरा तुम्ही झोपून दाखवा की."

ह्यात काय भ्यायचं, म्हणत गणपतरावांनी सदरा काढला.

पट्टी सरकत बाहेर आली. आबांनी ती बघितली आणि लगेच हृदयाच्या दवाखान्यात फोन लावला. संयोगितानं गणपतरावांना गोळी चावायला दिली. त्यांनी बायकोकडे बघितलं. काय झालं ते त्यांना कळलं. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी मान खाली घातली.

"ही कुस्ती एकट्यानं मारायची नसती, गड्या," आबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले.

ॲम्ब्युलन्स आली. रांगेतल्या सगळ्यांदेखत गणपतरावांनी तानाबाईंचा हात धरून ठेवला होता. त्यांना आत झोपवल्यावर तानाबाई मागून निघाल्या. पायरीवर थबकल्या, कमरेला हात लावला, ओठ आवळले आणि चढल्या.

आबा दारातच उभे होते. एका धडधाकट बाईला मी इतकी वर्षं टोचत राहिलो, असं म्हणाले. मग रांगेकडे वळून त्यांनी सांगितलं, की आजपासून आधी पेशंट बोलेल, सोबतचे नंतर. संयोगिताचा ऊर भरून आला. एका प्रश्नानं एक माणूस वाचणार होता.

तेजस्वी दुधाच्या मिशा घेऊन पडद्याबाहेर आली होती. ॲम्ब्युलन्स वळेपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं आईचा पदर ओढला.

"आई, मग त्या आजीचं काय दुखतंय?"