बैठक उठली

"उठले! जेवायला उठले बघा!" नेमिनाथनं रिमोट दिवाणावर आपटला.

टीव्हीवर सातासमुद्रापलीकडच्या देशाचे मंत्री पायऱ्या उतरत होते. शस्त्रसंधीचा कागद तयार होता. समोरच्या बाजूनं होकार कळवला होता. पंतप्रधान सही करायला राजी होता. पण संरक्षणमंत्री आडवा आला होता, आणि दोन लहान पक्ष 'सही केलीत तर सरकार पाडू' म्हणून हटून बसले होते. सकाळपासून हेच गुऱ्हाळ चाललं होतं. आता मंत्रिमंडळ जेवायला गेलं. उरलेलं उद्या.

त्याची बायको अरुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे तिला कधी धड सांगता आलं नाही. पण तिकडचा कोणता मंत्री कुणावर रुसलाय, हे तिला तोंडपाठ होतं. त्या देशाच्या सीमेवरच्या गावात तिची लेक दीपा होती. एका आजारी म्हातारीची देखभाल करायला दोन वर्षांपूर्वी गेली होती. लढाई पेटली, मग वाढली आणि विमानतळाचा रस्ता बंद झाला. शस्त्रसंधी झाली तर रस्ता उघडणार होता. नाही झाली तर काय, हे अरुणा मनातसुद्धा आणत नव्हती. दीपाचा परवापासून फोन नव्हता. शेवटचा निरोप एवढाच होता : 'आई, वरचा मजला पडला. आम्ही तळघरात हाय.'

शेजारच्या गुळाच्या दुकानाचे विजयसिंह चौकशीला आले होते. कोल्हापूरच्या त्या शाहूपुरीतलं रोज कुणी ना कुणी यायचंच. चहा प्यायचं, त्या मंत्र्यांना चार शिव्या हासडायचं, आणि जायचं.

"पण नेमिनाथराव," विजयसिंह म्हणाले, "पंधरा दिसांमागं आपल्या सरकारचं विमान गेलतं की तिकडं. तवा रस्ता बी चालू हुता. पोरगी कशी न्हाई आली त्यातनं?"

"जागा मिळाली न्हाई," नेमिनाथ म्हणाला. सगळ्यांना तो हेच सांगायचा. अरुणा दर वेळी खाली बघायची.

"सरकार म्हणायचं का भाजीमंडई?" नेमिनाथ पुन्हा टीव्हीवर घसरला. "आमच्याकडं बघा. थोरलं आण्णा, मी आनि ही. तीस वर्सं एका चुलीवर हाय. एकमत झाल्याबिगर घरात खिळा ठोकत न्हाई आमी."

ते खोटं नव्हतं. फ्रीजचा रंग ठरायला ह्या घरात आठ महिने लागले होते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. विजयसिंह हसले. कोपऱ्यात बसलेले नेमिनाथचे थोरले भाऊ, आण्णा, मात्र हसले नाहीत.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही जैनांच्या घरची रीत. अरुणानं ताटं आणली. नेमिनाथ सवयीनं उठला, पण नजर टीव्हीवरच.

"मला सांगा विजयसिंह, तिकडं लेकरं तळघरात जीव मुठीत धरून बसल्यात, आनि ह्यास्नी घास उतरतो कसा घशाखाली? माणसं हैत का कोण हैत?"

अरुणाच्या हातातलं ताट थांबलं. पंधरा दिवस गिळलेलं ओठांवर आलं.

"जागा हुती," ती म्हणाली.

नेमिनाथनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"जागा हुती, विजयसिंह भावजी. पोरीनं त्या दिवशी सकाळीच फोन केल्ता. आजच्या आज नाव द्यायचं हाय, म्हणली. समद्यांनी मिळून एकच काय ते सांगा, येऊ का ऱ्हाऊ? मी म्हणलं, ये. हे म्हणले, काम अर्ध्यात सोडलं तर पुन्हा घ्यायचे न्हाईत. आण्णा म्हणले, लढाई काय वाढत न्हाई, थांबू दे. दिवसभर बसलो की आमी, हितंच." तिनं ताट नवऱ्यासमोर ठेवलं. "आनि दिवस मावळाय लागला तसं जेवायला उठलो. म्हणलं, दुसरं विमान येतंय की. उरलेलं उद्या."